तागाचा पीळ आणि जगदीशचंद्र

फायनल इयरच्या सेमिनारला मी विषय घेतला फोटॉनिक क्रिस्टल फायबरमधल्या पोलरायझेशन फिल्टरचा. ऐकून रूममेट म्हणाले, गेला हा! केसासारखा बारीक काचेचा तंतू, त्यात लांबीभर छिद्रं, एखाद्या छिद्राला आतून सोन्याचा पातळ मुलामा. ठरावीक तरंगलांबीला सोन्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर डोलू लागतात. सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स म्हणतात तो हाच. मग एका दिशेने कंप पावणारा प्रकाश तिथेच मुरतो, त्याच्या काटकोनातला पुढे जातो. झाला फिल्टर! याचं मूळ शोधत मागे मागे गेलो आणि पोचलो जगदीशचंद्र बोसांपाशी. आपण त्यांच्यावरून फक्त रेडिओ त्यांचा की मार्कोनीचा, एवढंच भांडत बसतो.

30 नोव्हेंबर 1858 ला त्यांचा जन्म, बंगालमधल्या मैमनसिंगचा. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला आधी बंगाली शाळेतच घातलं. पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स, मग लंडनला डॉक्टरी शिकायला. तब्येतीने साथ दिली नाही म्हणून ती सोडून केंब्रिजला विज्ञान. तिथे लॉर्ड रॅले शिकवायला होते.

1885 मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. काम तेच, पण पगार इंग्रज प्राध्यापकापेक्षा कमी. बोसांनी भांडण केलं नाही, पगारच घेतला नाही. एक-दोन महिने नव्हे, तीन वर्षं! घरी वडिलांवर कर्ज, आणि हे रोज वर्गावर हजर. शेवटी सरकार नमलं. पूर्ण पगार मागच्या तारखेपासून मिळाला आणि तो वडिलांच्या कर्जात गेला. एक महिना मेसचं बिल थकलं की आपली काय अवस्था होते, ते आठवून बघा.

प्रयोगशाळा म्हणजे एक चिमुकली खोली. 36 व्या वाढदिवशी त्यांनी संशोधनाला वाहून घ्यायचं ठरवलं आणि 1895 च्या मे महिन्यात पहिला निबंध एशियाटिक सोसायटीत वाचला. विषय होता, स्फटिकांमुळे होणारं विद्युत लहरींचं पोलरायझेशन. हर्ट्झच्या लहरी लांबलचक होत्या. बोसांनी त्या 5 मिलिमीटरपर्यंत आणल्या, म्हणजे 60 गिगाहर्ट्झ. त्यामुळे प्रकाशाचे सगळे प्रयोग टेबलावर मावू लागले.

पोलरायझर कशाचा केला? रेल्वेच्या टाइमटेबलचा! जाडजूड ब्रॅडशॉच्या पानांमध्ये कथिलाचे पत्रे घातले. पत्र्यांना समांतर कंप पावणारी लहर अडते, काटकोनातली पार होते. (आमच्या सोन्याच्या मुलाम्यात नेमकं उलटं होतं, पृष्ठभागाला काटकोनातलीच सापडते. व्हायव्हात मी इथेच चुकलो.)

आमच्या तीर्थपुरीला आजोबा अंबाडीचा वाख काढून दोर वळायचे. पीळ उजवा की डावा, याकडे त्यांचं बारीक लक्ष. बोसांनीही तसंच केलं, फक्त ताग घेतला, आपल्या बारदानाचा. पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून लहर गेली की तिच्या कंपनाची दिशा फिरते. उजव्या पिळाने एकीकडे, डाव्याने दुसरीकडे, दोन्ही सारख्याच मिसळल्या तर फिरतच नाही. साखरेच्या द्रावणात प्रकाश का फिरतो, हे 1898 मध्ये त्यांनी असं दाखवलं. आता पीळ दिलेल्या फोटॉनिक क्रिस्टल फायबरमध्येही प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवता येते.

त्याआधी 1897 मध्ये त्यांनी दोन प्रिझममधली फट मोजली. पूर्ण परावर्तन होत असतानाही लहर थोडी फटीत डोकावते आणि दुसरा प्रिझम जवळ आणला की पलीकडे निसटते. 1968 मध्ये ओटो या शास्त्रज्ञाने अशीच बारीक फट ठेवून पलीकडे धातू बसवला आणि प्लाझ्मॉन जागे केले. ओटोने बोसांवरून घेतलं असं मी म्हणत नाही, पण फटीचं गणित मला बोसांच्या प्रयोगावरून समजलं.

पेटंटची त्यांना नावड. मैत्रीण सारा बुल यांच्या आग्रहामुळे 1904 मध्ये गॅलेना डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट मिळालं, तेही पुढे वापराविना संपलं. तोवर ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले होते. तिथे विरोध खूप झाला, नावही खूप झालं. मला मात्र राहून राहून वाटतं, आणखी दहा वर्षं ते लहरींवरच राहिले असते तर?

मराठवाड्याशी त्यांचा धागा एवढाच, की 1909-10 च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेत होत्या, तेव्हा ते पत्नी अबला आणि सिस्टर निवेदितांबरोबर तिथे आले होते. 1917 मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट काढली. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीहला ते गेले, 79 वा वाढदिवस आठवड्यावर असताना. पिळाचा ताग आणि पत्रे घातलेलं टाइमटेबल त्यांच्या संस्थेने जपून ठेवलं आहे.