गुलाम ते पेशवा : जुन्नरच्या तख्तामागचा मलिक अंबर



जुन्नरच्या लेण्यांत आपण मुलाबाळांना घेऊन जातो. तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत इरिल, चिट आणि चंद अशी तीन नावं यवनांची, म्हणजे परदेशी माणसांची आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला. एवढ्या लांबून आलेली माणसं, पण त्यांची नावं दगडावर राहिली. त्यानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी आणखी एक परदेशी माणूस या जुन्नरात आला आणि इथून त्याने राज्य चालवलं. त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव मात्र आज कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. जगाच्या इतिहासातली ही एक मोठी नवलाची कहाणी आहे, आणि ती आपल्या अंगणातली आहे.

हा माणूस म्हणजे मलिक अंबर. जन्म 1548 च्या सुमारास आफ्रिकेतल्या इथिओपियात. त्या मुलखाला आपल्याकडे हबसाण म्हणत आणि तिथल्या लोकांना हबशी. लहानपणीचं नाव चापू होतं असं म्हणतात. कुणी दुसरंही सांगतात. आईबापांनी गरिबीपायी विकलं की लढाईत धरून नेलं, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. एक गोष्ट मात्र नोंदलेली आहे, ती म्हणजे त्याची किंमत! अरबस्तानातल्या मोखा बंदरात हा पोरगा 20 डुकाटला विकला गेला, असं एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. मोखा म्हणजे पुढे कॉफीच्या व्यापारासाठी नावाजलेलं बंदर. माणसाचा भाव लिहिला गेला आणि नाव हरवलं. जनावराच्या बाजारात याहून वेगळं काय होतं?

पुढे त्याला बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने घेतलं. या मालकाने पोराची हुशारी ओळखली. त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवलं. मग 1570 नंतर दख्खनमध्ये आणून पुन्हा विकलं. या वेळचा गिऱ्हाईक होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान. आणि गंमत बघा, हा चंगीझखान स्वतःच एके काळचा हबशी गुलाम. त्याच्या हाताखाली अंबरने तलवार शिकली, कारभार पाहिला, दरबारातली कारस्थानंही पाहिली. थोड्याच वर्षांत चंगीझखान मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं.

इतकी वर्षं दुसऱ्याच्या मालकीचा असलेला माणूस आता स्वतःचा झाला, पण हातात काहीच नव्हतं. पोटासाठी विजापूरच्या चाकरीत गेला. तिथे मलिक हा किताब मिळाला. 1595 च्या आसपास तो परत निजामशाहीत आला तेव्हा त्याच्याजवळ अवघे दीडशे स्वार होते.

त्या दिवसांत अकबराच्या फौजा दख्खनवर चालून आल्या होत्या. चांदबिबीने किल्ला लढवला, पण 1600 साली अहमदनगर पडलं. राज्य बुडालं असंच सगळ्यांना वाटलं. अंबरने मात्र निजामशाही घराण्यातला एक वंशज हुडकून परांड्याच्या किल्ल्यात तख्तावर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि कारभार स्वतःकडे घेतला. 1607 च्या सुमारास राजधानी जुन्नरला आली. म्हणजे काही वर्षं आपलं जुन्नर हे राजधानीचं गाव होतं. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची खोरी, नाणेघाटासारखे घाट, शिवनेरीसारखा किल्ला. थोड्या फौजेने मोठ्या फौजेला दमवायला असा मुलूख फार उपयोगी.

आणि त्याने तेच केलं. समोरासमोर उभं राहायचं नाही. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, शत्रू मागे लागला की डोंगरात पसार व्हायचं. यालाच गनिमी कावा म्हणतात. यात मराठे स्वार त्याचा मोठा आधार होते. शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. 1624 साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर दोघे मिळून आले. अंबरने तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल झाला आणि दोन्ही फौजा त्याने उधळून लावल्या. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. तेव्हा अंबर पंचाहत्तरीच्या घरात होता, हे लक्षात घ्या.

दिल्लीच्या पातशहाला हा माणूस किती झोंबला असेल? जहांगीरने आपल्या आठवणींच्या ग्रंथात अंबरच्या काळ्या रंगावरून त्याला नाही नाही ते म्हटलंय. एवढंच नाही, 1616 च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. त्यात अंबरचं तोडलेलं मुंडकं भाल्यावर टांगलंय आणि जहांगीर पृथ्वीच्या गोळ्यावर उभा राहून त्यावर बाण सोडतोय. हे चित्र आयर्लंडमधल्या डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं अंबरच्या धडावर पुढे दहा वर्षं शाबूत होतं. जे रणात जमलं नाही ते कागदावर करून घेतलं, दुसरं काय!

पण अंबर म्हणजे देवमाणूस होता असं कुणी समजू नये. त्याच्या स्वतःच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. आणि 1610 सालची एक गोष्ट त्याच डच व्यापाऱ्याच्या लिखाणात सापडते. निजामशहाची दुसरी एक बेगम इराणी होती. तिने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं. मुलीने बापाला सांगितलं. पुढे निजामशहा आणि ती बेगम दोघांनाही विष घातलं गेलं आणि तख्तावर दुसरा बसवला गेला. हे कृत्य वाईटच, त्याचं समर्थन होणार नाही. तरी त्या मुलीचा विचार मनात येतो. बाप राज्याचा धनी, नवरा सुलतान, आणि तरी जन्म काढला जायचा तो जायचाच. हे दुःख आपल्या घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना समजावून सांगावं लागत नाही.

अंबरचं खरं मोठं काम मला लढाईपेक्षा कारभारात दिसतं. सारा गोळा करायचे मक्ते देण्याची चाल त्याने मोडली. मक्तेदार जास्तीत जास्त ओरबाडायचा आणि कुणबी गाव सोडून पळायचा. अंबरने जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा बांधला. पुढे शेकडो वर्षं लोक मलिकंबरी धारा म्हणून त्याची आठवण काढत राहिले.

दुसरं काम पाण्याचं. राजधानी जुन्नरहून दौलताबादेला नेल्यावर 1610 साली त्याने जवळच खडकी हे शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. उंचावरचं, जमिनीच्या पोटातलं पाणी भुयारी कालव्यातून आणि खापरी नळांतून त्याने शहरात खेळवलं. मोट नाही, पंप नाही, नुसत्या उतारावर. त्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. 1616 साली मोगलांनी खडकी लुटली-जाळली, ती त्याने परत उभी केली. याच शहरात बाबासाहेबांनी 1950 साली कॉलेज काढलं, ते आपलं मिलिंद महाविद्यालय.

जुन्नरच्या पूर्वेला हापूसबागेकडे हबशी महाल आणि घुमटाची जुनी इमारत आहे. तो घुमट अंबरची कबर, असं कुणी कुणी सांगतात. तसं नाही. मे 1626 मध्ये तो वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे, बायको करीमाच्या कबरीजवळ. त्याच्या माघारी मुलगा फत्तेखानाला राज्य पेललं नाही. 1633 साली दौलताबाद मोगलांनी घेतली. शहाजीराजांनी आणखी एक निजामशहा तख्तावर बसवून तीन वर्षं नेट धरला, अगदी अंबरच्याच रीतीने, पण 1636 मध्ये निजामशाही संपली.

अंबर मेल्यावर मोगल दरबारच्याच एका इतिहासकाराने कबूल केलं की सेनापती म्हणून आणि कारभारी म्हणून त्याला जोड नव्हती. खुलताबादला कधी गेलात तर अंबरचा घुमट जरूर पाहा. जहांगीरचा नातू औरंगजेब त्याच गावात उघड्यावरच्या साध्या कबरीत आहे.