सुरतेला उतरलेला मुलगा



आजचं वाचन गीतेचा बारावा अध्याय, भक्तियोग. फक्त वीस श्लोक आहेत, चहा गार व्हायच्या आत वाचून होतात. आज त्यातल्या आठ ते बारा या पाच श्लोकांवर जरा थांबा. भगवंत तिथे आधी सरळ रस्ता सांगतात: मन आणि बुद्धी माझ्यात ठेव. लगेच पुढे म्हणतात की ते जमत नसेल तर अभ्यास कर. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर, आणि तेही नाहीच जमलं तर निदान फळ सोडून दे. म्हणजे मुख्य रस्ता बंद असेल तर वळणाचा रस्ता देव स्वतःच दाखवतो. गंमत म्हणजे त्या शेवटच्या वळणाला तो कमी लेखत नाही. शांती तिथेच ठेवली आहे.

हे वाचताना मला नेहमी विनोबा आठवतात. वर्धा जिल्ह्यात एका दिवसाची ट्रिप करणारे बरेच जण सेवाग्राम बघतात, बापूकुटीसमोर फोटो काढतात आणि परततात. पवनार मात्र राहून जातं, कारण ते ‘प्लॅनमध्ये नव्हतं’. आणि ज्या माणसासाठी पवनारला जायचं, त्याचं निम्मं आयुष्य प्लॅनमध्ये नसलेल्या वळणांनीच घडलेलं आहे.

विनायक नरहर भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, कुलाबा जिल्ह्यातलं गागोदे. वडील बडोद्याला नोकरीला, म्हणून शिक्षण तिथे. गणितात हुशार, पण परीक्षा आणि डिग्री या प्रकारात मन नव्हतं. एकदा आई चुलीपाशी बसलेली असताना या मुलाने आपली सर्टिफिकेटं तिच्यासमोर जाळून टाकली होती. (घरी प्रयोग करू नका. तेवढं वैराग्य आधी यावं लागतं.)

२५ मार्च १९१६ ला तो इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसला. वय वीस. सुरत आलं आणि हा उतरला. मुंबईची गाडी पुढे गेली आणि विनायक भुसावळमार्गे काशीला निघाला. घरी पत्र टाकलं की मुंबईला न जाता दुसरीकडे जातोय, पण कुठेही गेलो तरी माझ्या हातून वावगं काही होणार नाही.

मनात दोन ओढी होत्या: ब्रह्माच्या शोधासाठी हिमालय आणि देशाच्या स्वातंत्र्यासाठी क्रांतिकारकांचा बंगाल. काशी दोन्हींच्या वाटेवर पडते म्हणून आधी काशी. तिथे तो अन्नछत्रात जेवायचा, संस्कृत शिकायचा, गंगेच्या काठी बसायचा. बरोबर आलेला एक मित्र तिथेच आजारी पडून वारला. त्याचा अंत्यसंस्कारही यालाच करावा लागला. हे वळण म्हणजे काही सहल नव्हती, एवढं ध्यानात असू द्या.

आणि हिमालयही राहिला, बंगालही राहिला. काशीत त्याच्या हाती गांधीजींचं भाषण आलं, हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात त्याच फेब्रुवारीत केलेलं. त्याने शंका विचारणारं पत्र लिहिलं. गांधीजींनी लिहिलं की पत्राने हे सुटणार नाही, आश्रमात ये. ७ जून १९१६ ला तो अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात पोहोचला. जी शांती हिमालयात शोधायची होती आणि जी क्रांती बंगालमध्ये, ती दोन्ही त्याला एकाच माणसात दिसली.

वर्ध्याचं वळणही असंच. जमनालाल बजाजांना वर्ध्यात साबरमतीसारखा आश्रम हवा होता. गांधीजींनी विनोबांना पाठवलं आणि ८ एप्रिल १९२१ ला ते वर्ध्याला आले. पुढे हाच जिल्हा त्यांचं घर झाला. ‘गीताई’ इथेच लिहिली गेली, १९३०-३१ च्या हिवाळ्यात. तिच्या मागे त्यांची आई आहे. संस्कृत गीता कळत नाही आणि मराठी भाषांतरं अवघड जातात, म्हणून तिने विन्यालाच सांगितलं होतं की तूच का करत नाहीस. पुस्तक तयार झालं तेव्हा आईला जाऊन बारा वर्षं झाली होती.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे. साने गुरुजी लिहून घ्यायचे. बाराव्या अध्यायाच्या रविवारी सगुण आणि निर्गुण भक्ती समजावताना ते रामायणाकडे वळले. लक्ष्मण रामाजवळ राहिला, भरत दूर अयोध्येत राहिला, पण तप दोघांचंही सारखंच. मग त्यांना वाटलं, चौदा वर्षांनी राम आणि भरत भेटतायत असं चित्र कुणीतरी काढावं. दोघं इतके सारखे दिसावेत की वनातून आलेला कोण हेच ओळखू येऊ नये.

ती इच्छा तिथेच राहिली. पुढे सहा वर्षांनी विनोबांची तब्येत पार ढासळली. वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. काळजीत पडलेल्या गांधीजींनी सुचवलं की एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जा. विनोबांनी निवडलं पवनार, वर्ध्यापासून काही किलोमीटरवरचं. तिथे धाम नदीपलीकडच्या टेकाडावर जमनालालजींचा बंगला रिकामा होता. ७ मार्च १९३८ ला मोटार धामच्या पुलावर आली, तेव्हा त्यांनी मनातून सगळ्या कामांचा, संस्थांचा, काळज्यांचा संन्यास जाहीर केला. धामच्या पलीकडचं म्हणून जागेचं नाव पडलं परंधाम.

काम एकच ठेवलं: रोज थोडं शेत खणायचं. आधी काही मिनिटंच, मग हळूहळू वाढवत. वजन वाढू लागलं. आणि असंच खणताना मातीतून एक जुना कोरीव दगड निघाला. जाणकार तो वाकाटकांच्या काळातला मानतात. विनोबांनी पाहिलं तर त्यांना त्यात भरत-रामाची भेट दिसली. धुळ्याच्या तुरुंगात मागितलेलं चित्र पवनारच्या मातीत शेकडो वर्षं आधीच कोरलेलं होतं.

याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यातलं खणणं जास्त महत्त्वाचं वाटतं. मूर्ती शोधायला ते तिथे गेले नव्हते. बाराव्या अध्यायाच्या हिशोबात ती सगळ्यात खालची पायरी: फळाचा विचार सोडून हातातलं काम करणं.

१९५१ ची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सर्वोदय संमेलनासाठी ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी गेले. संमेलन संपलं, पण ते सरळ परतले नाहीत. तेलंगणात अशांत गावांकडे वळले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी सहज गावालाच विचारलं आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. त्या एका मुक्कामातून भूदान निघालं आणि चालणं १९६४ पर्यंत चाललं. बाराव्या अध्यायात भक्ताला अनिकेत, म्हणजे घर नसलेला, म्हटलंय. ते शब्दशः जगायचं तर असं. अर्थात दान मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. आणीबाणीच्या काळातल्या त्यांच्या भूमिकेवर टीका झाली, ती अजून होते. भक्ताच्या चरित्रातून हे गाळायचं कारण नाही.

अशा भटक्या माणसाने बायकांसाठी मात्र एक स्थिर जागा केली. पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं ते १९५९ मध्ये, २५ मार्चला. सुरतेला उतरण्याचीच तारीख. साधनेचा आणि कारभाराचा अधिकार भगिनींच्या हाती, निर्णय सगळ्यांच्या सहमतीने. १५ नोव्हेंबर १९८२ ला, दिवाळीत, अन्न-औषध थांबवून विनोबांनी इथेच देह ठेवला.

सेवाग्राम बघून झालं की वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागा. धामचा पूल आला की गाडी हळू करा. आश्रमात भगिनी विष्णुसहस्रनाम म्हणतात, शेतात काम करतात. भरत-राम तिथेच आहेत. वनातून आलेला कोण, हे बघून ओळखता येतं का पाहा.