शरीरसंपत्ति हेंच पहिलें भांडवल

मध्यरात्रीपर्यंत खातेवह्या, सकाळीं निद्रेची तूट चहानें भरून काढणें, आणि व्यायामाचें नांव निघतांच वेळ नाहीं म्हणून सांगणें, हा आमच्या व्यापारी व वकील बंधूंचा नित्यक्रम होऊन बसला आहे. अशांनीं लोकमान्य टिळकांचें चरित्र या एका दृष्टीनें अवश्य पाहावें.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरीस झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत ते गेले तेव्हां त्यांची प्रकृति नाजूक होती. पुढील उद्योगाचा भार या देहास पेलणार नाहीं हें ओळखून त्यांनीं कॉलेजांतील पहिलें वर्ष तालीम, पोहणें व आहार यांस वाहिलें. त्या वर्षीं ते परीक्षेंत नापास झाले. हिशेबनीस हें वर्ष बुडीत खातीं मांडील. परंतु तें व्याजीं लावलेलें मुद्दल होतें. १८७९ सालीं ते एल्एल्. बी. झाले, १८८० त शाळा निघाली, १८८१ त केसरी व मराठा हीं पत्रें सुरू झालीं.

निद्राही त्यांस वश होती. जुलै १८९७ मध्यें राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईस अटक झाली; मॅजिस्ट्रेटानें जामीन नाकारल्याची वार्ता घेऊन मित्र परतले तों टिळक गाढ झोपलेले आढळले, असें चरित्रकार सांगतात. १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. मधुमेह जडलेला असतांही १९१०-११ च्या हिंवाळ्यांत सुमारें पांच महिन्यांत त्यांनीं गीतारहस्य पेन्सिलीनें लिहून काढलें.

बुद्धि तालमींत मिळत नाहीं हें खरें. परंतु दुबळ्या देहांत ती फार काळ राबत नाहीं, हेंही तितकेंच खरें. प्रौढ मनुष्यास रोज निदान सात तास निद्रा व आठवड्यास दीडशें मिनिटें मध्यम व्यायाम हवा, असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. म्हणजे दिवसास बावीस मिनिटें! निद्रा तुटली कीं अवधान ढळतें, स्मरण मंदावतें व बेरजा चुकतात.

म्हणून हा प्रश्न केवळ ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा नव्हे. गुमास्त्यास मध्यरात्रीपर्यंत पेढीवर अडकवून ठेवणारा धनी जास्त काम मिळवीत नाहीं. तो उद्यांच्या चुका आज वेतन देऊन विकत घेतो. त्यानें पेढी वेळेवर बंद करावी, स्वतः निजावें आणि नोकरांसही निजूं द्यावें. यांत दया नाहीं, निव्वळ व्यवहार आहे.