विश्लेषण : कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत गाऊ लागले ते कसे? कोण होते अण्णासाहेब किर्लोस्कर?

नाटकातल्या पात्राने आपले गाणे आपणच म्हणावे, याचे आज कुणालाही नवल वाटत नाही. १८८० पर्यंत मराठी रंगभूमीवर मात्र गाण्याचा बहुतेक भार सूत्रधार वाहत असे. पात्राने रंगमंचावर यायचे, सूत्रधाराच्या पदाला धरून हावभाव करायचे आणि मग आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे. ही रीत बदलली बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी, आणि तीही शेकडो वर्षांपूर्वीच्या एका संस्कृत नाटकाच्या जोरावर.

शिक्षणासाठी पुण्यात, पण…

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेही याच वर्षी. घरात मराठी, आसपास कानडी. त्यामुळे दोन्हीकडच्या चाली कानावर पडल्या. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यात आले. अभ्यास मागे पडला आणि फिरत्या नाटक मंडळ्यांना पदे रचून देण्याचा नाद लागला. स्वतःची मंडळी काढण्याचा एक प्रयत्नही त्यांनी तरुणपणीच केला, पण तो टिकला नाही. मग पोटासाठी शिक्षकी आणि सरकारी नोकऱ्या. १८७३ मध्ये ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक लिहिले, पण त्याने नाव झाले नाही.

चाळिशीला टेकल्यावरचा डाव

१८८० मध्ये अण्णासाहेब पुण्यात महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरीला होते. एका पारशी कंपनीचा संगीत प्रयोग पाहून मराठीत असे का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात आला, असे सांगितले जाते. त्यांनी हाती घेतले ते थेट कालिदासाचे ‘शाकुंतल’. नुसते भाषांतर करून ते थांबले नाहीत. मूळ श्लोकांच्या जागी साक्या, दिंड्या, कीर्तनातल्या आणि कानडी वळणाच्या चालींवरची पदे आली. म्हणजे ऋषींचा आश्रम कालिदासाचा, पण गाणे ओसरीवर ऐकलेले. लोकांनी ते लगेच आपले मानले, त्याचे खरे कारण मला हेच वाटते.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. सात अंकांपैकी चारच तयार होते, तेवढेच केले! मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले, बाळकोबा नाटेकर कण्व. अभिनयाइतकाच गळाही महत्त्वाचा, हे नटांच्या निवडीतच ठरले. १८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर आले आणि मंडळीला स्त्री-भूमिकांसाठी असा आवाज मिळाला की प्रेक्षक वेडे झाले.

फिरती कशी असे?

आज मुंबईहून निघालेली नाटकाची बस मनोरवरून पालघर-बोईसरकडे वळते आणि प्रयोग करून रात्रीच परत फिरू शकते. त्या काळी मंडळी गावात मुक्कामाला उतरत. पडदे, कपडेपट, स्वयंपाकाची भांडी, सगळे बिऱ्हाड बरोबर. गल्ला भरला तर मुक्काम वाढे. एवढ्या माणसांचे पोट रोजच्या तिकिटांवर चालायचे, तेव्हा नवे नाटक पडणे परवडणारे नव्हते.

नोव्हेंबर १८८२ मध्ये ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक रंगमंचावर आले. सुभद्राहरणाची कथा महाभारतातली, पण या वेळी नाटक अण्णासाहेबांचे स्वतःचे. घरातले रुसवेफुगवे, कृष्णाचा मिश्कीलपणा यांमुळे ते आजही हसवते.

अपुरे राहिलेले नाटक

१८८४ मध्ये ‘रामराज्यवियोग’चे तीन अंक रंगभूमीवर आले. पुढचे लिहून झालेच नाहीत. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी, अण्णासाहेब गुर्लहोसूरला गेले. संगीत नाटकांची त्यांची कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची. मंडळी मात्र भाऊरावांच्या गळ्यावर तगली. भाऊराव १९०१ मध्ये गेले, तेव्हा पुन्हा अंधार दिसू लागला. मग १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा मंडळीत दाखल झाला. लोक त्याला बालगंधर्व म्हणत. त्याला पहिली भूमिका मिळाली ती अण्णासाहेबांच्या शकुंतलेची.