सेल्फ मारला तरी गाडी गप्प? जुनी पिकअप आणि चार्ल्स केटरिंग

गॅरेजमध्ये सगळे ज्याला नुसतं ‘सेल्फ’ म्हणतात, ते खरं तर सेल्फ-स्टार्टरचं उरलेलं अर्धं नाव आहे. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिली गिरकी देणारी ती मोटर. रोजच्या गाडीत चालेल अशी ती करून दाखवली चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने. बंद पडलेल्या जुन्या अमेरिकन पिकअप पुन्हा चालू करण्याचे व्हिडिओ तुम्ही बघत असाल (मी जरा जास्तच बघतो), तर 1960 च्या दशकातली शेवरोले सी-10 दिसलीच असेल. तिच्या स्टार्टरवर डेल्को-रेमी असं नाव असतं. त्यातलं डेल्को म्हणजे केटरिंगने उभी केलेली कंपनी. अशी गाडी चालू होत नसेल तर ज्या गोष्टी तपासायच्या, त्यातल्या बहुतेक याच माणसाच्या डोक्यातून आल्यात.

केटरिंगचा जन्म 1876 चा, ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिलजवळच्या शेतावरचा. डोळे लहानपणापासून अधू. त्यापायी कॉलेज मध्येच सोडावं लागलं. मग पठ्ठ्या टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत कामाला लागला. पुढे परत जाऊन ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून 1904 मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला, तेव्हा वय 27. आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप गेला तरी घरात सुतक पडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पहिली नोकरी डेटन शहरात, दुकानातले गल्ले म्हणजे कॅश रजिस्टर बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. तिथे त्याने हाताने फिरवायचा गल्ला विजेवर आणला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. गल्ल्याला जोर लागतो तो क्षणभर, मग बराच वेळ आराम. म्हणजे मोटर छोटी चालते. काही सेकंद तिला झेपेल त्यापेक्षा जास्त राबवायचं आणि ती जळायच्या आत थांबवायचं.

त्या काळी मोटारीला पुढून हॅन्डल मारावं लागे. इंजिन उलटं उसळलं तर हॅन्डल हातावर बसायचं आणि मनगट मोडायचं. इंजिनाला सतत फिरवू शकेल अशी विजेची मोटर घ्यायची तर ती गाडीत मावणार कशी? केटरिंगने गल्ल्याचंच गणित इथे लावलं. सुरू व्हायला काही सेकंद पुरतात! 1909 मध्ये एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर त्याने डेल्को काढली, काम चालायचं डीड्सच्या घरामागच्या कोठारात. 1911 मध्ये स्टार्टर कॅडिलॅकमध्ये चालला आणि 1912 च्या मॉडेलवर तो बसूनच आला. बॅटरी, ती चार्ज करणारा जनरेटर, दिवे आणि स्टार्टर असं सगळं एकत्र.

आता आपल्या सी-10 कडे या. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. दिवे तसेच लख्ख आणि काहीच आवाज नाही, तर मोटरला हुकूमच पोचत नाहीये. इग्निशन स्विच, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलचा सेफ्टी स्विच, आणि तिथून सॉलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर बघा. पण ‘टक्’ असा आवाज येऊन दिवे मरगळले, तर हुकूम पोचलाय, ताकद नाही.

लोक इथे लगेच नवी बॅटरी आणतात. थांबा. छोट्या मोटरकडून क्षणभर प्रचंड काम काढायचं याची किंमत म्हणजे प्रचंड करंट. मोबाइल चार्जरमधून दोन-तीन अँपिअर जातात, इथे दीड-दोनशे सहज. बॅटरीच्या टोकावरच्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीने 0.01 ओहम एवढा अडथळा केला, तरी 200 अँपिअरला 2 व्होल्ट तिथेच खलास. त्याच जोडणीतून दिवा मात्र मजेत जळतो, कारण त्याला करंट लागतोच किती! म्हणून नुसता दिवा जळला की बॅटरी आणि वायर ठीक, हे अनुमान चुकतं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या टोकावर (क्लॅम्पवर नाही), दुसरी स्टार्टरच्या जाड वायरच्या बोल्टवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्या वाटेत आहे. अर्थच्या बाजूनेही हेच करा, ती बाजू सगळेच विसरतात. बॅटरी भरलेली, दोन्ही वाटा स्वच्छ आणि तरीही ‘टक्’, तर सॉलेनॉइड किंवा स्टार्टर उतरवायचा.

समजा इंजिन छान फिरतंय, पण पेटत नाही. मग स्टार्टर निर्दोष, त्याला सोडा. दुसरा संशयितही केटरिंगचाच. डेल्कोचं पहिलं काम खरं तर स्टार्टर नव्हतंच, 1910 च्या कॅडिलॅकची इग्निशन होती. त्याआधीच्या पद्धतीत कॉइल थरथरत ठिणग्यांचा पाऊस पाडायची आणि बॅटरी संपवायची. केटरिंगने प्रत्येक स्फोटाला एकच, पण दणकट ठिणगी दिली. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बंद असताना कॉइलमध्ये करंट साठतो; ते उघडले की तो तुटतो आणि 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगला जातात. ही रचना आजही केटरिंग इग्निशन म्हणूनच ओळखली जाते. सी-10 मध्ये पॉइंट जळालेत का, त्यांच्यातली फट साधारण अर्धा मिलिमीटर आहे का, हे आधी बघा. सहज फसवणारं एक लक्षण सांगतो: सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि किल्ली सोडली की लगेच मरतं. कॉइल तापू नये म्हणून एरवी तिला रेझिस्टन्स वायरमधून करंट मिळतो. सेल्फ मारताना मात्र ही वायर टाळून थेट बॅटरीचा. म्हणजे ती रेझिस्टन्स वायर किंवा स्विचची तेवढी बाजू गेलेली असते.

ठिणगी असेल तर उरतं पेट्रोल. इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरमध्ये डोकवा, थ्रॉटल दाबला की धार दिसायला हवी.

पेट्रोलपाशी आलो की केटरिंगच्या गोष्टीला वेगळंच वळण लागतं. इंजिनात ठोके पडायचे आणि खापर त्याच्या इग्निशनवर फुटायचं. त्याने आणि थॉमस मिजलीने शोध घेतला: दोष इंधनाच्या जळण्यात होता. निदान अचूक. उपाय म्हणून 1921 मध्ये त्यांनी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घातलं. शिसं विषारी आहे हे तेव्हा डॉक्टरांना चांगलं माहीत होतं. 1924 मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत हे रसायन हाताळणारे 5 कामगार मेले. त्याच वर्षी ते विकायला एथिल कंपनी निघाली होती आणि तिचा पहिला अध्यक्ष केटरिंग होता. नावात लेड हा शब्द नव्हता. भारतात असं पेट्रोल 2000 साली बंद झालं, तोपर्यंत आपल्या आईवडिलांनी तो धूर घेतला. यातून त्याला मोकळं सोडावं असं मला वाटत नाही. त्याचं नाव 1945 पासून न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कॅन्सर संशोधन संस्थेवर आहे, तेही खरं.

केटरिंग 1958 मध्ये डेटनला वारला. 1975 च्या मॉडेलपासून शेवरोलेने पॉइंट काढून एचईआय ही इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली, तिला पूर्ण 12 व्होल्ट लागतात. त्यामुळे बॉनेट उघडलं की आधी डिस्ट्रिब्युटर बघा. जुन्या सी-10 मध्ये आधीच्या मालकाने मोठ्या टोपीचा एचईआय बसवला असेल आणि वायर मात्र जुनी रेझिस्टन्सचीच ठेवली असेल, तर गाडी कधी चालू होईल, कधी नाही, आणि तुम्ही उगाच कार्ब्युरेटर खोलत बसाल.