श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर : वारीला शिस्त लावणारे वारकरी

आपल्या दिंडीचं हे शंभरावं वर्ष. या निमित्ताने निघणाऱ्या अंकात श्रीगुरू हैबतबाबांचं स्मरण व्हायलाच हवं. आळंदीला गेलो की महाद्वारातल्या पायरीवर आपण आधी डोकं टेकवतो आणि मगच माउलींच्या समाधीकडे जातो. ती पायरी हैबतबाबांची. पण बाबा कोण, कुठले, त्यांनी वारीला काय दिलं, हे आपल्या नव्या टाळकऱ्यांना ठाऊक असतंच असं नाही. म्हणून त्यांचं चरित्र आम्ही इथे थोडक्यात सांगतो.

बाबांचं मूळ नाव हैबतराव पवार. गाव सातारा जिल्ह्यातलं आरफळ, घराणं देशमुखीचं. तरुणपणी ते ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी चाकरीला गेले आणि सरदारकीला पोहोचले. घोडे, शिलेदार, तंबू, मुक्काम, कूच यांतच त्यांचं आयुष्य चाललं होतं. पण मनात माउलींची ओढ आणि तोंडी हरिपाठ कायम.

पुढे चाकरी पुरी करून, मिळवलेलं धन बरोबर घेऊन ते गावाकडे निघाले. वाटेत सातपुड्याच्या डोंगरात लुटारूंनी त्यांना गाठलं. संप्रदायात कथा सांगतात ती अशी. लुटारूंनी बाबांना आणि सोबत्यांना गुहेत कोंडून घातलं. सुटकेचा मार्ग दिसेना. बाबांनी हरिपाठ धरला तो रात्रंदिवस सोडला नाही. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. घरात पाळणा हलला तो या कैदेतल्या भक्ताच्या पुण्याईने, असं त्याला वाटलं. त्याने गुहा उघडली, बाबांची क्षमा मागितली आणि सगळं धन परत देऊन त्यांना मोकळं केलं.

हा आपला जीव माउलींनी राखला, तेव्हा उरलेलं आयुष्य त्यांचंच, असं बाबांनी ठरवलं. ते आरफळला न जाता थेट आळंदीला आले. सरदारकी संपली आणि चाकरी सुरू झाली ती माउलींच्या दारातली.

पंढरीची वारी त्याआधी शेकडो वर्षं चालू होतीच. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली. तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन ते देहूहून आळंदीला येत, तिथे माउलींच्या पादुका घेत आणि दोन्ही पादुका एकाच पालखीतून पंढरीला जात. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र सुरू केला. या कामी अंकलीचे शितोळे सरकार पाठीशी उभे राहिले. त्यांनी घोडे दिले, तंबू दिले, नैवेद्याची सोय केली. आजही माउलींचे अश्व दरवर्षी अंकलीहून चालत आळंदीला येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण त्यावर स्वार साक्षात माउली. खंडोजीबाबा, वासकर, शेडगे अशी भजनी मंडळी बाबांना मिळाली आणि दिंड्या उभ्या राहिल्या.

आम्हाला सांगायचं आहे ते इथून पुढे. वारकरी आपापल्या भक्तीने चालतच होते. बाबांनी त्या चालण्याला घडी घालून दिली. फौजेतली शिस्त त्यांनी भजनाला लावली. कुठली दिंडी रथापुढे, कुठली रथामागे, हे ठरलं. निघण्याआधी कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला पाऊल उचलायचं. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे, ती मालिकाही बाबांनीच लावून दिली, असं परंपरा सांगते. त्यामुळे कुठल्या मुलखातला वारकरी कुठल्याही दिंडीत शिरला, तरी त्याचं पाऊल आणि टाळ चुकत नाही.

या शिस्तीचं मोल कळतं ते पुणे ते सासवडच्या टप्प्यात. वाटेवरची सगळ्यात लांब मजल ती. ज्येष्ठ वद्य एकादशीचा उपास, त्यातच दिवे घाटाची चढण. रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. एकटा माणूस असता तर अर्ध्या घाटात बसला असता. पण पुढे पताका, मागे टाळकरी, मध्ये मृदंग, वीणेकरी चालतोय, मायबहिणींच्या डोक्यावर तुळस आहे. शेजारचा अभंगाचं चरण उचलतो, आपण धरतो, आणि घाट कधी सरला ते कळत नाही. संध्याकाळी सासवडला सोपानकाकांच्या गावी पोचलो की पाय दुखतात, पण मन दुखत नाही. सोबत्यांशिवाय वारी नाही, हे बाबांनी ओळखलं होतं.

आणि सोबत टिकायची तर रुसवेफुगवे मिटले पाहिजेत. त्यासाठी समाज आरती. मुक्कामावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळमृदंगाचा गजर चालतो. चोपदार चोप उंच करतो आणि क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशीची वेळ सांगतात. सगळे टाळ थांबले, की मगच आरती. लाखांच्या मेळ्यात एका दिंडीचं गाऱ्हाणं राहिलं, तर माउलींची आरतीसुद्धा थांबते!

आपलं सडक अर्जुनी पंढरीपासून महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यात आषाढ म्हणजे आपल्या झाडीपट्टीत रोवण्याचे दिवस. बांधीत पाणी साचलेलं, पऱ्हे उपटायला आलेले. अशा वेळी घरचा एक माणूस वारीला जातो, तेव्हा त्याचा रोवणा शेजारपाजारचे उरकतात. तेही दिंडीतच चालताहेत, असं आम्ही मानतो.

आता गाड्या आल्या, टँकर आले, जेवणाची सोय झाली. चांगलंच आहे. पण सोय वाढली की एक धोका येतो. तरणीताठी मंडळी पुढच्या मुक्कामाला जाऊन जागा धरतात आणि म्हातारं माणूस पिशवी सांभाळत एकटं मागे राहतं. अशी दिंडी मुक्कामाला पोचली, तरी बाबांच्या हिशेबी ती पोचली नाही. पुढच्या शंभर वर्षांसाठी आपण एवढंच धरू : मागच्याचं पाऊल पाहून पुढच्याने चालावं, आणि रात्रीच्या आरतीआधी कुणाचा टाळ वाजत राहिलाय का, ते कान देऊन ऐकावं.

बाबांनी देह ठेवला तो आळंदीतच. सरदाराने शेवटी जागा मागितली ती माउलींच्या दारातल्या पायरीची. आजही कार्तिकी यात्रेचा आरंभ त्या पायरीच्या पूजनाने होतो. त्या पायरीला आपल्या दिंडीचा साष्टांग दंडवत.