लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि हवा धरणारा पंप



आपल्या बीड जिल्ह्यात उन्हाळा लागला की विहिरी खाली जातात. मोटर सुरू होते, आवाजही करते, पण पाइपाच्या तोंडाला पाणी येत नाही. मग घरातलं मोठं माणूस म्हणतं, मोटर हवा धरतेय. मुलं हे रोज ऐकतात. पण हवा शिरते कुठून, हे त्यांना कुणी सांगत नाही. आज आपण हाच धडा एका माणसाच्या चरित्रातून शिकूया. विहिरीवरचा पंप आपल्या देशात बनवून दाखवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे ते गृहस्थ.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र पोथीपेक्षा चित्रात आणि यंत्रात रमायचं. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच थांबलं. पण यंत्रांच्या आराखड्याला रंग लागत नाही, तिथे मापं लागतात. त्यांनी ती वाट धरली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते हाच विषय शिकवू लागले. म्हणजे बघा, हा कारखानदार आधी आपल्यासारखाच शिक्षक होता!

१८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे संस्थेत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. पण नांगर घेतो कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, असा तेव्हा समज होता. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षं लागली. धंदा जरा रुळतोय, तोच बेळगाव नगरपालिकेने वसाहतीसाठी कारखान्याची जागा घेतली. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कर्ज दिलं आणि कुंडल रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि साप सोडले तर तिथे काही नव्हतं. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. वाडीत शिवाशीव चालणार नाही, हा नियम त्यांनी पाळला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर संस्थानाच्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर झाले.

मग १९२६ साली किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. भारतात बनलेला या जातीचा हा पहिला पंप मानला जातो. तोवर शेतकऱ्याची भिस्त मोटेवर. मोट जड, बैलांचा जीव काढणारी, पण तिला हवेचं भय नव्हतं; बुडवली, भरली, ओढली. पंपाचं तसं नसतं.

पंप पाणी ओढतो म्हणजे काय करतो?

पंपातला पंखा फिरून पाणी बाहेर फेकतो. त्यामुळे पंख्याच्या मध्याशी दाब कमी होतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतो, तोच पाण्याला पाइपातून वर ढकलतो. म्हणजे खरं काम हवाच करते. समुद्रकाठी हा दाब पाण्याला फार तर सुमारे १०.३ मीटर वर नेऊ शकतो. आपलं बीड समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच, त्यामुळे इथे ही मर्यादा आणखी थोडी कमी. पाइपातली घासण वगैरे धरता प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरच हिशेबात धरावेत. म्हणूनच पाणी खाली गेलं की पंपही विहिरीत खाली उतरवावा लागतो.

आता हा दाबातला फरक टिकायचा तर पंप आणि ओढीचा पाइप पक्का बंद हवा. जोडाची वॉशर सुकली, दांड्याभोवतीची ग्लँडची दोरी झिजली, तर तिथून हवा आत शिरते. गंमत अशी की ओढीच्या बाजूच्या भोकातून पंप चालू असताना पाण्याचा थेंबही बाहेर येत नाही. पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, म्हणून गळती दिसतच नाही. जोडावर साबणाचा फेस लावला आणि तो आत ओढला गेला, तर चोर सापडला समजा. तळाचा फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, तो नीट बसला नाही तर पंप बंद केल्यावर भरलेलं पाणी विहिरीत उतरतं आणि पाइप रिकामा होतो.

तारकर्लीच्या सहलीत मुलं पाण्यावरची स्कूटर पाहतात ना? तीही पंपावरच चालते. खालून पाणी ओढायचं, मागे जोरात फेकायचं. पंप आणि होडीचा तळ यांच्या जोडावर सील नसेल तर तिथेही हवा शिरते, इंजिन नुसतं ओरडतं आणि स्कूटर पुढे सरकत नाही.

याच्या जोडीला दुसरा एक रोग आहे, कॅव्हिटेशन. दोघांना लोक एकच समजतात, पण कारण वेगळं आहे. इथे बाहेरची हवा येत नाही. पंख्याजवळ दाब फारच उतरला की थंड पाणीसुद्धा उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. ते जास्त दाबाच्या जागी पोचले की फुटतात, आणि प्रत्येक बुडबुडा धातूवर बारीक घाव घालतो. पंपात खडी फिरते आहे असा आवाज येतो. काही काळाने पंखा वाळवी लागल्यासारखा दिसतो. यावर नुसतं सील करून भागत नाही. पंप पाण्याच्या जवळ न्यावा, ओढीचा पाइप पुरेसा रुंद ठेवावा, जाळीतला कचरा काढावा.

पंखा आणि त्याच्या घराची कडी यांच्यात फट ठेवावी लागते मिलिमीटरच्या काही दशांशांची. ती वाढली की आत फेकलेलं पाणी मागे वळतं. इथे रंग ओळखू न येणाऱ्या, पण मापांचा आराखडा शिकवणाऱ्या त्या शिक्षकाची आठवण होते. कारखान्यातलं माप कारखाना सांभाळतो. विहिरीवरचा जोड मात्र शेतकऱ्यालाच सांभाळावा लागतो, आणि तो शेतकरी आज आपल्या वर्गात बसलेला आहे. वेळेवर बदललेली एक वॉशर उभं पीक वाचवू शकते.

वर्गात करून पाहा

१. स्ट्रॉने पाणी ओढायला सांगा. मग स्ट्रॉला पाण्याच्या वर टाचणीने भोक पाडा आणि पुन्हा ओढायला सांगा. शेवटी भोकावर चिकटपट्टी लावा. तिन्ही वेळचा फरक वहीत लिहून घ्या.

२. सुई नसलेल्या नव्या सिरिंजमध्ये हाताला सोसेल इतकं गरम पाणी अर्धं भरा, हवा पूर्ण काढा, तोंड बोटाने दाबा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाण्यात बुडबुडे दिसतील. दट्ट्या सोडला की बहुतेक नाहीसे होतील. गरम पाण्याचं काम शिक्षकांनी स्वतः करावं.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यांची जयंती २० जूनला, म्हणजे शाळा नुकतीच उघडलेली असते. त्या दिवशी फोटोला हार घालून झाला की हे दोन प्रयोग जरूर घ्या. आणि पालकहो, त्या संध्याकाळी मुलांना विहिरीवर न्या, पण आधी वीज बंद करा आणि मगच जोड दाखवा.